पुढच्या रांगेतलं हसू

उल्काला फुकट काही मिळालं की आधी संशय येतो. पण त्या दिवशी पास फुकट होते, पुढच्या दोन रांगांचे होते आणि कार्यक्रम विनोदी होता, म्हणून संशय गुंडाळून ठेवून ती गेली. तिथेच सगळं बिघडलं असं ती पुढे कितीतरी वर्षं धरून चालली होती. दोष द्यायला काहीतरी हाताशी असलं की माणसाला बरं असतं.

कार्यक्रमाचं नाव होतं 'चहा नकोच असेल ना!' पाच बायका, आणि प्रत्येकीने एकटीने माईकसमोर उभं राहून लोकांना हसवायचं. हल्ली मोबाइलवर अंगठा फिरवला की असल्या दहा जणी दिसतात. तेव्हा मात्र बाईमाणसाने एकटीने उभं राहून नवऱ्याची, सासूची, वर स्वतःच्या सुटलेल्या पोटाची टिंगल करायची म्हणजे अप्रूप होतं. एक दातांची डॉक्टर होती, एक शाळेतली बाई, एक शेफाली नावाची जाहिरात कंपनीतली चटपटीत मुलगी आणि आणखी दोघी. कर्वे रस्त्याजवळच्या एका सभागृहात त्याचं शूटिंग होतं आणि त्याची डीव्हीडी निघायची होती. घरी पाहुणे आले की लावायला काहीतरी लागायचंच.

आता या शूटिंगची एक रीत असते, ती घरी बसून बघणाऱ्याला कळत नाही. कार्यक्रम चालू असताना कॅमेरे सगळे स्टेजकडे. मग हसणारे प्रेक्षक दाखवायचे कुठून? तर ते आधीच हसवून ठेवायचे. बद्रीनाथ नावाचा एक गोल गरगरीत माणूस, तिथली सगळी धावाधाव त्याच्या गळ्यात, पडदा उघडायच्या आधी पुढे आला आणि म्हणाला, "मंडळी, आत्ताच जरा हसून घ्या. तुमचे चेहरे घेऊन ठेवतो."

पुण्यातल्या माणसाला हस म्हटल्यावर तो हसेल होय? पुढच्या रांगेने हाताच्या घड्या घातल्या. एका काकांनी विचारलं, "कशाबद्दल?" बद्रीनाथने खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि एक ठुमका मारला. काका म्हणाले, "हे पासात धरलंय का वेगळं?" शेवटी बिचारा वैतागला, वळला आणि स्टेजच्या बाजूचं दार ढकलायला लागला. दारावर ठळक अक्षरात 'ओढा' लिहिलेलं. हा खांदा लावतोय, आतून कोणीतरी "अहो, ओढा, ओढा" म्हणतंय, आणि हा आणखी जोर लावतोय. उल्का जी फुटली ती थांबेना. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, एका हाताने पदराने डोळे पुसतेय आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या बाईच्या मांडीवर थापा मारतेय. हातात घडीचा पंखा घेतलेली ती शेजारची बाई कोण ते तिला आजतागायत माहीत नाही. छोटा कॅमेरा घेतलेल्या पोराने ते नेमकं टिपलं.

मग कार्यक्रम सुरू झाला. चांगला झाला, उगाच नावं ठेवायला नकोत. फक्त शेफालीने मध्येच बारशाचा विषय काढला. म्हणे, प्रत्येक बारशाला एक मावशी असतेच. तिला स्वतःला मूल नाही, पण हातात पिशवी, पिशवीत विणलेलं टोपडं. पाळण्यापाशी सगळ्यांत पुढे ती. आणि एकदा बाळ तिच्या हातात गेलं की गेलं. आई म्हणते, द्या आता. ही म्हणते, देते हं. जेवणं होतात, मांडववाला खुर्च्या उचलतो, मावशी आपली बाळाला घेऊन उभीच. शेवटी बाळच म्हणतं, मावशी, मला उद्या शाळा आहे.

सभागृह कोसळलं. उल्का नाही हसली. तिने पर्स उघडली आणि उगाच आतला रुमाल शोधत बसली, पुढचा विनोद सुरू होईपर्यंत. हे कोणी पाहिलं नाही. त्यावर कॅमेरा नव्हता.

कारण ती मावशी उल्काच्या घरातच होती. तिची धाकटी बहीण अस्मिता, धायरीत राहणारी. अस्मिताला मुलगी झाली होती आणि दुसऱ्याच दिवशी गेली. तिचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं. घरातली मोठी माणसं म्हणाली, नाव ठेवायच्या आधीचं मूल, त्याचं कसलं सुतक, आंघोळ केली की झालं. तिसऱ्या दिवशी घरात पुरणपोळी झाली, कारण कोणाचा तरी वाढदिवस होता. अस्मिताने ती खाल्ली. पुढे मूल झालं नाही. वर्षभराने उल्काला पुष्कर झाला, तेव्हा अस्मिता पिवळ्या लोकरीचं टोपडं घेऊन आली आणि त्याला जी हातात घेऊन बसली ती पुष्कर शाळेत जाईपर्यंत. उल्का कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, सकाळी पोर धायरीला टाकायचं आणि संध्याकाळी न्यायचं. त्याला पहिलं दूधभात अस्मिताने भरवलं, पहिलं पाऊल तिच्याच घरात पडलं. पुष्कर उल्काचा असला तरी वाढला अस्मिताकडे, हे उल्कासुद्धा चारचौघांत कबूल करायची. आणि तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक बारशाला अस्मिता टोपडं विणायची.

दिवाळीत डीव्हीडी बाजारात आली. उल्काच्या नवऱ्याने, श्यामने, ती लक्ष्मी रस्त्यावरून विकत आणली आणि पाडव्याला सगळे अस्मिताकडे फराळाला गेले तेव्हा मोठ्या हौसेने लावली. म्हणाला, बघा आमच्या हिचा सिनेमा. उल्का आत चकल्या तळत होती. बाहेर हसण्याचा आवाज येत होता, मग "अगं, उल्का बघ, उल्का!" असा एकदम गलका झाला आणि पाठोपाठ सगळं गप्प. उल्का झारा हातात घेऊन दारात आली तोवर पडद्यावर दुसरंच काही चालू होतं. श्याम रिमोटशी खेळत होता. अस्मिता उठून आत आली, तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "ताई, तेल जळतंय."

काय झालं ते उल्काला घरी येताना श्यामने सांगितलं. शेफालीची मावशी टोपडं घेऊन उभी, आणि त्यावर पडदाभर उल्का. मान मागे टाकून, डोळे पुसत, मांडीवर थापा मारत. म्हणजे बद्रीनाथने दार ढकलताना जे हसू गोळा करून ठेवलं होतं ते यांनी नेऊन इथे डकवलं होतं. हे हसू तिथलं ते उल्काच्या तेव्हा ध्यानात आलं नाही; आपण तर पर्समध्ये रुमाल शोधत होतो, पण ते सांगून पटणार कोणाला? तिला फक्त राग आला. कोणाचा, ते तिचं तिलाही नक्की नव्हतं. आणि ती डीव्हीडी पुढे हाती आली तशी तिने कपाटात मागे टाकली ती पुन्हा पाहिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी अस्मिताचा फोन आला. ऑफिसात. दिवाळीच्या सुट्टीतही परीक्षेच्या कामाला बोलावलेलं, खिडकीशी पोरांची रांग, साहेब डोक्यावर उभे. अस्मिता हळू आवाजात म्हणाली, "ताई, तू हसलीस?" उल्काने काहीतरी फटकन उत्तर दिलं आणि फोन ठेवला. काय दिलं ते तिला संध्याकाळीच आठवत नव्हतं. उल्काची जीभच तशी. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, विहिणीला, सगळ्यांना तिच्याकडून एकेक असं मिळालेलं असतं, आणि ऑफिसातले लोक ते एकमेकांना सांगून हसायचे. तिला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोला.

त्यानंतर अस्मिता भांडली नाही. भांडली असती तर मिटलं तरी असतं. ती फक्त पाहुण्यासारखी वागायला लागली. सणाला फोन, बरी आहेस ना, बरी आहे, ठेवते. पुष्करच्या लग्नाला आली, आहेर केला, जेवली, विड्याचं पान हातात घेऊन गेली. तिचा नवरा गेला तेव्हा उल्का जाऊन बसली, तर अस्मिताने तिला विचारलं, "जायला रिक्षा मिळेल ना गं तुला?" उल्का रिक्षात रडली. सख्ख्या बहिणीने आपल्याला असं हाताच्या अंतरावर ठेवावं याचं दुःख उल्काला होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगायचं काय? एका डीव्हीडीत माझं हसू चुकीच्या जागी आहे म्हणून?

यंदा पुष्करला मुलगी झाली. तो हिंजवडीत कंपनीत, तिकडेच फ्लॅट, बायको स्पृहा हुशार आणि गोड बोलणारी पोरगी. बारसं रविवारी ठरलं आणि पुष्करने फोनवर पहिलं विचारलं, "आई, मावशी येणारे ना? तिच्या हातात द्यायचीय मला ती. तू आण तिला. कसंही करून आण." उल्का हो म्हणाली. म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर पलंगाच्या कडेवर बसून राहिली. अस्मिताला आणायचं, बस्स, एवढं एकच तिच्या डोक्यात राहिलं.

त्याच सुमारास पुष्करने घरातल्या जुन्या सगळ्या सीड्या आणि डीव्हीड्या पेन ड्राइव्हवर करून दिल्या होत्या. मुंज, लग्न, आणि त्यांच्याबरोबर 'चहा नकोच असेल ना!'सुद्धा. दुपारी श्याम झोपल्यावर उल्काने ती टीव्हीवर लावली. शेफाली आली, मावशी आली, टोपडं आलं, आणि ती स्वतः आली. काळे केस, भरलेले गाल, आणि ते हसू. उल्काला स्वतःची किळस आली. तरीही तिने बंद केलं नाही, कारण उठवेना. पुढे दातांची डॉक्टर आली, तिने इंजेक्शनला घाबरणाऱ्या पैलवानाचा किस्सा सांगितला, आणि पुन्हा उल्का आली. मान मागे, पदर डोळ्याला, मांडीवर थाप. तीच शेजारीण, शेजारणीच्या हातात तोच अर्धवट उघडलेला पंखा. तोच तुकडा, जसाच्या तसा. उल्काने मागेपुढे करून पाहिलं आणि मग एकदम तिला ते दार आठवलं. बद्रीनाथ. ओढा, ओढा.

अहो, मोठमोठ्याने हसली ती घरात एकटी. श्याम उठून आला आणि म्हणाला, काय झालं. उल्का म्हणाली, "मी सुटले." साडी बदलली, पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि रिक्षा केली. सिंहगड रस्त्याला वाहनं मुंगीच्या पावलाने चाललेली. एरवी तिने रिक्षावाल्याला काहीतरी सुनावलं असतं. त्या दिवशी ती त्याला म्हणाली, सावकाश चालव बाबा, काही घाई नाही.

अस्मिताने दार उघडलं. केस सगळे पिकलेले, चष्मा जाड झालेला. "ये," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. चहा आला तो कपबशीतून, निळ्या फुलांच्या, पाहुण्यांच्या सेटमधल्या. पूर्वी या घरात उल्का स्वतः चहा करून स्टीलच्या पेल्यातून प्यायची. तिला कप उचलवेना, पण उचलला. मग तिने सगळं घाईघाईने सांगितलं, बद्रीनाथ, दार, चेहरे घेऊन ठेवणं, आणि पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून दोन्ही तुकडे दाखवले. एकदा शेफालीच्या वेळचा, एकदा दातवालीच्या वेळचा. "बघ, तोच पंखा. दिसला? अगं, मी त्यावर नव्हतेच हसले. मी पर्समध्ये तोंड घालून बसले होते."

अस्मिताने शांतपणे पाहिलं. मग रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही सगळे गेल्यावर मी ती परत लावली होती, पाडव्यालाच. श्यामभावजी इथेच विसरले होते, मी नंतर पाठवली. तोच पंखा दोनदा आहे हे मला तेव्हाच दिसलं. रात्रभर बरं वाटलं मला, ताई. म्हटलं, उगाच आपण मनात आणलं."

उल्काने कप खाली ठेवला. "मग? मग हे सगळं कशाला? इतकी वर्षं?"

"सकाळी तुला फोन केला ना मी. म्हटलं, तरी ताईच्या तोंडून ऐकावं. नाही गं, एवढं म्हणाली असतीस तर झालं असतं."

"आणि मी काय म्हणाले?"

अस्मिताने चष्मा काढला. उल्काला खरंच आठवत नाही हे तिला बहुतेक तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्याने तिचा चेहरा आणखी दमला. मग तिने ते वाक्य म्हणून दाखवलं. उल्काच्याच ठसक्यात, उल्काच्याच चालीवर, एवढ्या वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे न होता.

"विनोदी कार्यक्रमात हसायचं नाही तर काय सुतक धरायचं?"

बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. उल्का बशीकडे बघत होती. तिला ते ऑफिस आठवलं, ती खिडकी, ते साहेब, आणि फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरचा एक जण खुदकन हसला होता तेही आठवलं. वाक्य जमलं होतं म्हणून तिला तेव्हा बरं वाटलं होतं.

"मी तसं नव्हतं गं म्हटलं," ती म्हणाली.

"मला माहितीये. तू कोणालाच तसं म्हणत नाहीस. पण माझ्या पोरीचं कोणी धरलं नाही, ते तुला ठाऊक होतं. तूच होतीस ना तेव्हा घरात. पुरणपोळी वाढायला तूच होतीस." अस्मिताचा आवाज जराही चढला नाही. "त्या सिनेमावाल्यांनी तुझं हसू कुठलं उचलून कुठे लावलं, त्याचं मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. हे मात्र कोणी जोडलेलं नव्हतं."

उल्काने हात पुढे केला, तो टेबलावरच राहिला. माफी मागायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं. फटकन बोलायला सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं, हसून हसून. शेवटी ती एवढंच म्हणाली, "रविवारी ये. पुष्कर वाट बघतोय. तुझ्या हातात द्यायचीय त्याला ती."

"नको," अस्मिता म्हणाली. "माझ्या हातात बाळ दिलं की मला ते लवकर देववत नाही."

टोपड्याचं विचारायचा धीर उल्काला झाला नाही. उठताना कोपऱ्यातल्या कपाटाकडे तिचं लक्ष गेलं. लोकरीची टोपली असायची तिथे आता औषधांचा डबा होता. अस्मिताने दारापर्यंत सोडलं आणि विचारलं, "रिक्षा मिळेल ना गं?"

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बारसं झालं. पाळणा भाड्याचा, फुलं खरी, टोपडं ऑनलाइन मागवलेलं. पुष्करने दाराकडे दोन-तीनदा पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं, आणि उल्काने मान हलवली. स्पृहाच्या माहेरचा व्हिडिओवाला सगळीकडे फिरत होता. पाळण्याजवळ येऊन तो उल्काला म्हणाला, "आजी, जरा हसा ना. नंतर कुठेतरी लावायला उपयोगी पडतं."

उल्का त्याला म्हणाली, "कुठे लावणार ते आधी सांग."

"ते एडिटिंगला ठरतं, आजी."

मग ती नाही हसली. पाळण्याची दोरी ओढताना नाही, नाव ठेवताना नाही, बाळ मांडीवर घेतलं तेव्हाही नाही. तोंड मिटून, कॅमेरा दिसला की मान वळवून बसली. मनात अस्मिता होती, आणि तिचा मान ठेवायला उल्काला दुसरं काहीच सुचलं नव्हतं.

आठवड्याने ती फिल्म आली. हिंजवडीला सगळे बसून बघत होते. मुलीच्या कानात नाव सांगताना सगळे खुलले आहेत, आणि त्यावर पडदाभर उल्का, मख्ख, दुसरीकडे बघणारी. नंतर उल्का दुधाचं भांडं घासत होती तेव्हा स्पृहा आत आली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. तिने हळू आवाजात विचारलं, "आई, तुम्हाला मुलगा हवा होता का?"

उल्काच्या जिभेवर उत्तर तयार होतं. फटकन, जमलेलं, कोणीही हसलं असतं असं. तिने ते गिळलं. हात पुसले आणि म्हणाली, "नाही गं."

तेच ते, एवढ्या वर्षांनी, आणि ऐकायला समोर भलतीच.

स्पृहाने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मग हसायचं ना, आई," ती म्हणाली, आणि बाळाला घेऊन बाहेर गेली.